पेरणीआधीच निघालेली माणसं

2023 ची आषाढी 29 जूनला होती, म्हणजे तशी लवकरच, आणि नेमका त्या वर्षी पाऊस लांबलेला. आळंदीतनं माऊलींच्या पालखीचं प्रस्थान 11 जूनला झालं तेव्हा केरळात मान्सून येऊन जेमतेम तीन दिवस झालेले, आपल्याकडं नुसतं ऊन. एरवी शेतकरी माणूस काय करतो, की पहिला चांगला पाऊस झाला, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी झाली, की पेरणी उरकतो आणि रान घरच्यांवर सोपवून वारीला निघतो, पण त्या साली माझ्या दिंडीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पेरलेलंच नव्हतं. रान तसंच मोकळं ठेवून आले होते सगळे. ही गोष्ट मला आधी कळलीच नाही, आणि कळली तेव्हापासून माझी वारी खरी सुरू झाली असं मी म्हणेन.

माझं काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते. पुण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, प्रमोशन आलेलं पण बंगळूरला जायचं, उत्तर जूनअखेर द्यायचं. मुलगी दहावीत. वडील फलटण तालुक्यात गावी एकटे, आई जाऊन काही वर्षं झालीत, भाऊ परदेशात. हे सगळं डोक्यात एकाच वेळी फिरायचं आणि कुठलंच टोक हाताला लागायचं नाही. ओळखीतल्या एका काकांची दिंडी होती, भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे भरले, सुट्टी टाकली आणि निघाले. नवरा म्हणाला जा, आम्ही बघतो घरचं.

दिंडीत एक फार मोठी गोष्ट आहे जी बाहेरनं कळत नाही, ती म्हणजे तिथं तुम्हाला काहीही ठरवावं लागत नाही. कधी उठायचं, कधी निघायचं, विसावा कुठं, जेवण कुठं, मुक्काम कुठं हे सगळं आधीच ठरलेलं. पहाटे तीन-साडेतीनला टँकरच्या पाण्यानं अंघोळ, राहुटी गुंडाळून ट्रकमधे, मग आपल्या ओळीत उभं राहायचं, पुढं पताकावाले, मधे टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागं आम्ही बायका, कुणाच्या डोक्यावर तुळस. पहिले दोन-तीन दिवस डोकं ऑफिसच्याच गोष्टी उगाळत होतं, कुठला रिटर्न भरायचा राहिला, कुणाचा मेल आला असेल. मग ते हळूहळू संपतं. नवीन काही आत जातच नाही ना, त्यामुळं जुनं सगळं वापरून संपतं, आणि मग त्याच्याखाली दबलेलं वर यायला लागतं.

पुण्यातनं सासवडला गेलो तो दिवस एकादशीचा, 14 जून. सगळ्यात लांबचा टप्पा, वर उपास, वर दिवेघाट, वर ते ऊन. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्या दमानं दमानं चढत होत्या. वर पोचल्यावर खाली बघितलं तर मस्तानी तलावापासून वळणावळणानं नुसती माणसंच माणसं. सगळे तिथं थांबून फोटो काढत होते, मीही काढला. मी शेजारच्या मावशींना म्हणलं, मावशी, बघा ना किती मोठी वारी दिसतीय. त्या म्हणाल्या, "बाई, ही मागली दिसायली. पुढली सासवडला टेकली असंल आत्तापातुर."

ह्या मावशी परभणीकडच्या, साठी ओलांडलेल्या. सासवडच्या मुक्कामात त्यांचे पाय चेपत होते (खरंतर त्यांनी आधी माझे चेपले, नको म्हणलं तर ऐकेनात) तेव्हा सहज विचारलं की यंदा काय पेरलंय. म्हणाल्या कुठलं काय, पाऊसच नाही तर. मी म्हणलं, अहो मग तुम्ही इकडं आणि तिकडं पाऊस आला तर? "आला तर पोरगा पेरील की. न्हाई आला तर मी तिथं बसून काय करणार हाय?" एवढंच. ज्या बाईचं वर्षभराचं पोट त्या सोयाबीनवर आहे ती असं म्हणतीय, आणि मी सुट्टी मंजूर होईपर्यंत आठवडाभर झोपले नव्हते.

मावशींना वर्षं आकड्यात आठवत नाहीत, वारीवरनं आठवतात. बाहत्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जायच्या, तेव्हा लहान होत्या, ते वारीच्या आधीचं. मग थोरली पोटात होती ती वारी, किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आधीची वारी, मालक गेले त्या वर्षीची, मालकांचा टाळ घेऊन चालले ती. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या सालची. आणि 2020, 2021 ला पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, ती दोन वर्षं त्यांनी घरी तुळशीला फेऱ्या घातल्या, तीही त्या वारीच धरतात. एका संध्याकाळी अख्खं आयुष्य सांगून झालं त्यांचं, आणि त्यात चांगलं-वाईट एकाच आवाजात.

दुसऱ्या दिवसापासून चालता चालता मी तेच करून बघायला लागले. कुठल्या आषाढीला मी कुठं होते? लहानपणी फलटणला चुलत्यांकडं, रस्त्याच्या कडेला कळशी घेऊन वारकऱ्यांना पाणी द्यायचो. कॉलेजची वर्षं आठवली, लग्नाच्या वर्षीची आठवली. मग नोकरीची कितीतरी वर्षं अशी की साबुदाण्याची खिचडी सोडून काहीच आठवेना. आणि मग एकदम लख्ख दोन वर्षं, आईच्या आजारपणाची, मी नोकरी सोडून गावी राहिले होते ती. आई, वडील आणि मी अंगणात बसून टीव्हीवर पंढरपूरची पूजा बघितलेली, आईनं उशीला टेकून हात जोडलेले, सगळं तपशिलासकट. ही दोन वर्षं माझ्या बायोडेटात 'गॅप' म्हणून आहेत, प्रत्येक इंटरव्ह्यूत मला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलंय. लांबनं बघितलं तर सगळ्यात भरलेली तीच निघाली. जेजुरी ते वाल्हे ह्या रस्त्यावर मी हे बघत होते आणि रडत होते, कुणी काही विचारलं नाही, वारीत रडणाऱ्याला कोणी अडवत नाही.

लोणंदला समाजआरती, म्हणजे मुक्कामाला सगळ्या दिंड्या जमून होते ती आरती, नीट बघायला मिळाली. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या, टाळमृदंगाचा एवढा गजर, आणि पालखीची शिस्त बघणाऱ्या चोपदारानं हातातला दंड उंच केला की लाखभर माणूस गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मगच टाळ थांबतो. हरवलेल्या वस्तू पुकारतात, मग आरती. मला ही पद्धत इतकी आवडली. सगळं शांत झाल्यावर जे वाजत राहतं तेच खरं ऐकायचं. माझ्यात तेव्हा बंगळूर वाजत नव्हतं, पगारही नव्हता. वडील वाजत होते.

फलटणला वडील तळावर आले, काठी टेकत, त्या गर्दीत. मी पाया पडायला वाकले तर ते आधीच वाकले होते. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात हे माहीत होतं, लहान-मोठं बघत नाहीत, पण बाप आपल्या पायाशी वाकलाय आणि "माऊली" म्हणतोय हे मला सोसेना. मग आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो, भाकरी-पिठलं खाल्लं, मी बंगळूरचं सांगितलं. ते म्हणाले, जायचं तर जा, माझ्यासाठी राहू नको, स्वतःसाठी राहणार असशील तर राहा. पुढच्या बरडच्या मुक्कामापर्यंत तेच डोक्यात होतं आणि तिथं पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

25 जूनला बातमी आली की पाऊस मुंबईत पोचला. त्या दिवशी दिंडीत सगळ्यांचे फोन सुरू, ओल किती गेली, तुमच्याकडं किती, घाई करू नका, 75-100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. मावशींचा पोरगा म्हणाला अजून चार थेंबच आहेत. फोन ठेवला आणि त्या परत ओळीत. पंढरपुरात दर्शनबारीला, म्हणजे दर्शनाच्या रांगेला, आम्ही लागलो नाही, चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाला हात जोडले.

परत आल्यावर मी ऑफिसात सांगितलं की बंगळूर नको, पुण्यातच राहते, आणि महिन्यातला एक आठवडा गावाहून काम करू द्या. पहिलं लगेच मान्य झालं, दुसऱ्याला वेळ लागला पण झालं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं आणि तो त्या पदाला चांगला आहे.

मावशींशी दिवाळीत बोलणं झालं. पेरणी जुलैत झाली, उगवलंही छान, पण तो ऑगस्ट, 1901 पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्यानं शेंगा भरल्याच नाहीत, निम्मंच पिकलं. नातीच्या फीसाठी शेळ्या विकल्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, तुझा बाप कितपत चालू शकतो, पुढल्या साली आणतीस का त्याला, दमला तर ट्रकमधे जागा करू. मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले तरडगाव ते फलटण चालतो, पुढचं पुढं बघू.