लॉनखाली निघालं काय

घराभोवतीची बाग आखून देणं हे माझं काम. नवं काम आलं की पहिली भेट जमेल तर भर पावसात ठेवते. लोकांना ते विचित्र वाटतं. पण कोरड्या अंगणात उतार कुठे आहे याबद्दल घरातल्या चार माणसांची चार मतं असतात; पाणी वाहायला लागलं की वादच मिटतो.

हे घर एका निवृत्त जोडप्याचं. तक्रारी दोन. पावसाळ्यात पोर्चपर्यंत पाणी चढतं आणि उन्हाळ्यात कितीही पाणी मारलं तरी लॉन करपतं. काकांनी उपाय फोनवरच सांगून टाकला होता: लॉन काढा, पेव्हर ब्लॉक टाका, कडेने देशी झाडं लावा. यादीसुद्धा तयार. तीत गुलमोहर आणि बोगनवेल! एक मूळचा मादागास्करचा, दुसरी दक्षिण अमेरिकेची. मी तेव्हा काही बोलले नाही. आधी पाणी, मग झाडं, हा क्रम मी कोणासाठी मोडत नाही.

पोहोचले तेव्हा पाऊस कोसळतच होता. उघड्यावर माझा सरळ कडांचा डबा ठेवला आणि रेनकोट चढवून घराला फेरी मारली. गच्चीचे दोन्ही पाइप पोर्चसमोरच्या फरशीवर मोकळे सोडलेले. तिथून पाणी लॉनकडे जायला बघत होतं आणि लॉनच्या कडेला आपटून परत फिरत होतं. लॉनवर पडलेलं पाणीही मुरत नव्हतं. कापलेल्या गवताचा चुरा त्यावर गोल गोल फिरत होता.

तासाभराने डबा पाहिला, ३० मिलिमीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची १२० चौरस मीटरची, म्हणजे ३६०० लिटर. थोडं वरच राहिलं असं धरलं तरी एका तासात तीन हजारांवर लिटर त्या दोन पाइपांतून खाली आलं होतं.

"अहो, म्हणजे अर्धा टँकर आपणच आपल्या दारात ओततोय," काका म्हणाले. यावर पेव्हर टाकले असते तर लॉनवरचं पाणीही त्यात येऊन मिळालं असतं.

पाऊस उघडल्यावर माझ्याबरोबर खोदकामाला येणाऱ्या मामांनी लॉनमध्ये खड्डा घ्यायला सुरुवात केली. पाणी किती वेगाने मुरतं ते पाहायला मी हातभर खोल खड्डा घेते, एकदा भरून जिरू देते, मग पुन्हा भरून पट्टी लावते. इथे हातभर जाताच आलं नाही. वीतभर लाल माती निघाली आणि पहार टण्णकन वाजली.

"ताई, खाली कोबा आहे," मामा म्हणाले.

कोबा नव्हता. राडारोडा होता. विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा आणि त्यावर सांडून थिजलेलं सिमेंट. घर बांधताना माल कालवायची जागा बहुधा हीच. काम संपल्यावर तो सगळा थर दाबून, वर लाल माती पसरून हिरवळ अंथरलेली. आम्ही खड्ड्यात पाणी ओतलं. तासाभरात ते नखभरही उतरलं नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच होतं. पावसात पाणी खाली जाऊ शकत नाही, आणि उन्हाळ्यात वीतभर मातीत ओल टिकून टिकणार किती? मुळांना त्याखाली वाट नाही. त्यात काका दर पावसाळ्याआधी इमानेइतबारे लाल मातीचा नवा थर टाकत आलेले. लेव्हल पाइप लावून पाहिलं तर लॉन पोर्चसमोरच्या फरशीपेक्षा चांगलं चार बोटं वर चढलेलं. काकू काकांकडे नुसत्या बघत राहिल्या.

मामांनी पहारीने तो थर फोडला. खाली मुरूम लागला. पुन्हा पाणी भरलं तेव्हा तासाभरात चार बोटं उतरलं. मला तेवढं पुरे होतं.

भिंतीपासून ३ मीटर लांब, २० चौरस मीटरचा आणि १५ सेंटिमीटर खोल असा खोलगट वाफा आखला. त्यात साधारण ३००० लिटर पाणी मावतं. पाइपांचं पाणी दगडी चरातून तिथे आणायचं आणि जास्तीचं पाणी घरापासून उलट्या बाजूला काढून द्यायचं. काकूंना धास्ती डासांची. रास्त आहे, पण अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा लागतो आणि इथलं पाणी दिवसभरही थांबणार नव्हतं.

मग झाडांकडे वळलो. अशा वाफ्याच्या तळाशी पाणवनस्पती लावायचा मोह होतो. पण हा तळ पावसाळ्यात अधूनमधून बुडतो आणि पुढचे आठ महिने कोरडा ठणठणीत असतो. हे सोसायची सवय ओढ्याकाठच्या झाडांना असते. म्हणून तळाशी वाळा, काठावर निर्गुडी, सावलीच्या बाजूला अडुळसा आणि वरच्या कोरड्या कडेला धायटी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला लाल फुलं आली की मध प्यायला शिंजीर पक्षी येतात. खत नाही, फक्त पालापाचोळ्याचं आच्छादन. पहिलं वर्षभर मात्र उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं. देशी झाड म्हणजे लावा आणि विसरा, असं मी कोणाला सांगत नाही.

गुलमोहर यादीतून गेला. बोगनवेल काकूंच्या हट्टापायी फाटकावर राहिली, आणि माझी त्याला हरकत नव्हती.

काकांना आता तो वाफा हातभर खोल हवा आहे, सगळा पाऊस त्यातच मावावा म्हणून. खोली वाढली की पाणी जास्त वेळ साचून राहणार आणि काकूंची धास्तीही वाढणार, हे त्यांना कागदावर काढून दाखवलं आहे. पटलेलं दिसत नाही. मामांना मात्र मी बजावून ठेवलंय, माझा फोन आल्याशिवाय तिथे कुदळ लावायची नाही.