तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या, स्पेलिंगमध्ये डी का?

गुडगावला आल्यापासून महिन्यातून एकदा तरी हे होतंच. बँकेत, दवाखान्यात, पालकसभेत. "मॅडम, ये डी गलती से आया है क्या?" नाही हो, चुकून नाही आला, मी घातलाय. पी आर ए डी एन वाय ए. न्यूमरॉलॉजी वगैरे काही नाही. महाराष्ट्रात सर्रास असंच लिहितात, ज्ञानेश्वरचं स्पेलिंगसुद्धा डी एन वायनेच सुरू होतं, तिकडे कुणाला काही वाटत नाही.

ज्ञ म्हणजे मुळात ज आणि ञ. आपण म्हणतो द्न्य, हिंदीवाले ग्य, गुजराती ग्न. नवरा पुण्याचा, त्याला संस्कृतला धरून जे एन हवं होतं, ज्ञान प्रबोधिनीवाले लिहितात तसं. मी म्हटलं, मग सगळे प्रजना म्हणतील, माझी आई हाक मारते तसंच वाचता आलं पाहिजे, बास. जन्मदाखल्याचा फॉर्म मीच भरला.

पहिलीत तिच्या वर्गात आणखी एक प्रज्ञा होती, जी वाली. हजेरीला टीचर तिला नीट हाक मारायच्या आणि आमचीला "प्रॅड-निया". पोरं हसायची. हे मला कळलं ते एका रात्री दप्तर भरताना. हिंदीच्या वहीच्या लेबलवरचा डी तिने खोडरबरने इतका घासला होता की कागद फाटून खालचं खाकी कव्हर दिसत होतं, आणि त्या भोकावरच पेन्सिलने वाकडातिकडा जी काढलेला. पाच वह्यांवर तसंच. विचारलं तर म्हणाली, "आई, जी केलं ना की कुणी हसत नाही."

आणि मी ओरडले तिच्यावर. आजी काय म्हणेल, आपलं नाव असं कुणी खोडतं का, असलं बरंच काही. ती रडत रडत झोपली आणि मी बारा वाजेपर्यंत नवी लेबलं लिहीत बसले, सगळ्यांवर डी घालून.

डी बरोबरच आहे, हे मी आजही म्हणते. पण तेव्हा सहा वर्षांच्या पोरीला रोज वर्गात माझी मराठी सांभाळायला बसवलं मी, आणि लेबलं लिहायच्या आधी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

आता ती आठवीत आहे. पुढच्या वर्षी सीबीएसईचं रजिस्ट्रेशन, तिथलं स्पेलिंगच दहावीच्या मार्कशीटवर येतं, म्हणजे बदलायचं तर आत्ताच. मागच्या महिन्यात विचारलं तिला. "सांगते विचार करून," म्हणाली.

अजून सांगितलेलं नाही.