आमची वाटचाल : सुतारकामापासून बंदुकीच्या पेट्यांपर्यंत

वडिलांचं कोल्हापुरात सुतारकामाचं दुकान होतं. देव्हारे, पाळणे, वाड्यांच्या दारांची दुरुस्ती. जुन्या सरदार घराण्यांकडून अधूनमधून विलायती बंदुकीची पेटी यायची. पावसाळ्यांनी सरस सुटलेला, आतली हिरवी बनात, म्हणजे अस्तराचं लोकरी कापड, कसरीने खाल्लेली. तेच काम वाढत गेलं आणि आता आम्ही पेट्याच करतो. बंदूक मालकाकडेच राहते, आमच्याकडे रिकामी पेटी येते.

झाकणाच्या आतलं कारागिराचं लेबल गिऱ्हाईक कौतुकाने दाखवतं. आम्ही ते शेवटी वाचतो. लेबल कागदाचं, ते मागाहूनही चिकटवता येतं. कुलूप आणि स्क्रू बदलले तर लाकडावर खूण राहतेच.

कुलपाच्या पट्टीवर मुकुट आणि इंग्लंडच्या राजा-राणीची आद्याक्षरं असली की पेटीचा काळ शोधणं सोपं होतं. ‘डब्ल्यू. आर.’ म्हणजे चौथा विल्यम, 1830 ते 1837. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, 1901 पर्यंत. ‘जी. आर.’ मात्र घोळात टाकतं, कारण ते 1830 च्या आधीचं असेल किंवा 1910 मध्ये गादीवर आलेल्या पाचव्या जॉर्जचं, नाहीतर पुढच्या सहाव्या जॉर्जचं. तेव्हा आम्ही बिजागरीचा एक स्क्रू अलगद काढतो. टोक बोथट आणि खाच हाताने कापलेली, जराशी एका बाजूला सरकलेली असेल तर पेटी बहुधा जुनी. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू ब्रिटनमध्ये रुळले ते नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी 1854 मध्ये अमेरिकन पेटंटचे हक्क घेऊन बर्मिंगहॅमजवळ उत्पादन सुरू केल्यावर. पण एका स्क्रूवर निकाल देऊ नये. तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो. सगळ्या बिजागऱ्या तपासाव्या लागतात. ब्रामा या लंडनच्या नामांकित कुलूपवाल्याचं कुलूप असेल आणि त्यावर ‘124 पिकॅडिली’ हा त्याचा पत्ता असेल, तर आमच्या दुकानात त्या दिवशी सगळे ते बघायला जमतात.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती चिंच. घरोघरी पितळ चिंचेने आणि राखेने लखलखीत करतात, पण पेटीवर तो आंबट रस पट्टीखाली झिरपतो, लाकूड काळवंडतं आणि कोरलेली अक्षरं घासून जातात. आम्ही पितळ कोरड्या मऊ कापडाने पुसतो, जुना काळपट रंग राहू देतो. सुटलेले सांधे पुन्हा सरसानेच जोडतो, म्हणजे पुढच्या कारागिराला ते उघडता येतात. मूळ स्क्रू शक्यतो त्याच भोकात परत जातो.

पेटी पाठवताना निघालेले स्क्रू, तुटकी बिजागरी, गंजलेली चावी, सगळं कागदात बांधून सोबत द्या.