टेक्सासचा धूर आणि दाशीची वाटी

दोन देशांच्या पाककृती एकत्र आणण्याचे बहुतेक प्रयोग सॉसच्या बाटलीत सुरू होतात आणि तिथेच संपतात. बर्गरमध्ये वासाबी घातलेले मेयोनीज लावले, वर तीळ भुरभुरवले, की पदार्थ जपानी झाला असे मानणारी हॉटेले अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या शहरात सापडतात. त्यामुळे ऑस्टिनमध्ये टेक्सासचे बार्बेक्यू आणि जपानी जेवण यांचा मेळ घालणारा एक पॉप-अप दोन रात्रींसाठी भरणार असल्याचे कळले, तेव्हा मी आगाऊ पैसे भरून जागा राखून ठेवली खरी, पण अपेक्षा बेताचीच होती.

स्वतःचे हॉटेल नसलेल्या शेफने दुसऱ्याची जागा एक-दोन रात्रींपुरती घ्यायची, मोजकेच पदार्थ करायचे आणि ते संपले की दुकान आवरायचे, अशी ही पॉप-अपची पद्धत आहे. भाड्याचे लांबलचक करार आणि नोकरांचे पगार अंगावर न घेता आपले पदार्थ लोकांना रुचतात का हे त्यातून पाहता येते. या वेळची जागा म्हणजे पूर्व ऑस्टिनमधल्या एका लहान ब्रुअरीचे मागचे आवार होते. तिथे लाकडी बाके मांडली होती आणि कुंपणालगत ट्रेलरवर बसवलेला लोखंडी स्मोकर, म्हणजे मांस धुरावर भाजण्याची भट्टी, धुमसत होता. ऑस्टिनला हा मेळ अगदीच नवा नाही; जपानी इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचा अड्डा, आणि टेक्सासचा धूर यांना एकत्र आणणारे ‘केमुरी तात्सु-या’ हे हॉटेल इथे २०१७ सालीच सुरू झाले. तेव्हा नव्या माणसाकडे वेगळे काय आहे, एवढेच पाहायचे होते.

मध्य टेक्सासच्या बार्बेक्यूची मुळे एकोणिसाव्या शतकात इथे येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांत आहेत. न विकले गेलेले मांस ते धुरावर भाजत आणि गिऱ्हाईकाला खाटकाच्या कागदावरच देत. लॉकहार्टचे ‘क्रॉइट्झ मार्केट’ १९०० सालापासून त्याच वळणावर चालू आहे. गाईच्या छातीच्या मांसाला, म्हणजे ब्रिस्केटला, मीठ आणि मिरपूड यांपलीकडे फारसे काही लावत नाहीत. पोस्ट ओक या ओकच्या जातीच्या लाकडावर सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत ते दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ ठेवतात. मांसाचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास पोहोचले की पृष्ठभागावरून उडणारे पाणी त्याला थंड करत राहते आणि तापमानाचा काटा कित्येक तास जागचा हलत नाही. या टप्प्यावर घाई करणाऱ्याच्या हाती चिवट मांसच लागते. धीर धरला, तर चिवट कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि सुरी केवळ टेकवली तरी तुकडा सुटतो.

शेफने या मांसावर सॉस ओतला नाही. त्याने खोलगट वाटीत भात घेतला, त्यावर बोटाच्या जाडीचे दोन तुकडे ठेवले आणि टेबलाशी येऊन किटलीतून वाफाळती दाशी, म्हणजे सुका मासा आणि समुद्री वनस्पती यांचा पातळ जपानी रस्सा, ओतली. ब्रिस्केटची काळी, मिरपुडीने खरबरीत झालेली साल रश्शात भिजू लागली, कडेने चरबीचे सोनेरी थेंब तरंगू लागले आणि कणभर वासाबी एका बाजूला विरघळत राहिली. जपानमध्ये भातावर चहा किंवा दाशी ओतून ओचाझुके करतात, त्याचाच हा प्रकार होता. पहिल्याच घासाला लक्षात आले की दोन्ही घरांचा धूर इथे एकत्र आला आहे. दाशीत पडणारी कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, कठीण लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धरून लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला तुकडा. कोकणातल्या सुक्या मासळीचा वास ज्यांना परका नाही, त्यांना तो पहिल्या हुंगण्यातच ओळखीचा वाटेल. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री वनस्पतीतल्या ग्लुटामेटमध्ये उमामी या मांसल, भरीव चवीचे मूळ शोधले आणि १९१३ साली शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतले इनोसिनेट ओळखले. हे दोन घटक एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. गोमांसातही इनोसिनेट असतेच. त्यामुळे या वाटीतला गोडवा साखरेचा नव्हता, या जोडीचा होता.

आमच्या टेबलावरचे एक मराठी जोडपे गोमांस खात नाही. त्यांनी आधीच तसे कळवल्यामुळे त्यांच्या वाटीत धुरावर भाजलेली टर्की आली. टेक्सासच्या बार्बेक्यूच्या दुकानांत तीही नित्याची असते. त्यांच्या वाटीतला एक घास मीही चाखला. चव हलकी होती, पण चरबी नसल्याने दाशीला धरून ठेवणारे काही त्यात उरले नव्हते.

कोंबडीच्या मांडीचे तुकडे मात्र सर्वांनाच आवडले. जपानी यकितोरी, म्हणजे काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे, भाजणारा बिंचोतान वापरतो. वाकायामा भागात उबामे ओकपासून होणारा हा कोळसा जवळजवळ धूर न करता प्रखर जळतो. टेक्सासच्या माणसाला धूर हवा असतो, तर यकितोरीवाल्याला तो नको असतो, आणि शेफने हा विरोध लपवला नव्हता. कोंबडी आधी ओकच्या मंद धुरात ठेवून मग बिंचोतानवर तारे या गोडसर सॉसचे हात देत झटपट भाजली होती. कातडी कुरकुरीत होती, आत रस होता आणि धुराचा वास मागून यायचा.

दोन पदार्थ फसले. ब्रिस्केट घातलेला तोन्कोत्सु रामेन म्हणजे डुकराच्या हाडांच्या दाट रश्शात आणखी चरबी. चार घासांनंतर जीभ जड झाली आणि नूडल्स तशाच राहिल्या. दुसरा पदार्थ निगिरीचा. आंबट भाताच्या मुटक्यावर ब्रिस्केटचा काप कोमट होऊन आला होता आणि त्याची चरबी टाळूला मेणासारखी चिकटत होती. इथे वाग्यू, म्हणजे जपानी जातीच्या गुरांचे मांस, वापरले असते, तर निभावले असते. त्या मांसात ओलिक आम्ल अधिक असल्याने त्याची चरबी कमी उष्णतेतही वितळते. शिवाय ते मिळवायला दूर जाण्याचीही गरज नव्हती. १९७६ साली चार वाग्यू वळू अमेरिकेत आले, त्यांतले दोन तोत्तोरीचे काळे आणि दोन कुमामोतोचे तांबडे होते, आणि ‘आकाउशी’ या नावाने ओळखली जाणारी तांबडी गुरे आज टेक्सासमध्येच पाळली जातात.

सोबतचे पदार्थ शेफने विचारपूर्वक निवडले होते. बार्बेक्यूच्या दुकानात मांसाबरोबर पांढरा पाव, कच्चा कांदा आणि काकडीचे लोणचे येते, ते चरबी कापण्यासाठीच. इथे पावाची जागा भाताने आणि लोणच्याची जागा मुळ्याच्या त्सुकेमोनोने, म्हणजे जपानी लोणच्याने, घेतली होती. हा भातही टेक्सासला उपरा नाही. जपानच्या संसदेचे माजी सदस्य सेइतो साइबारा १९०३ साली ह्यूस्टनजवळच्या वेब्स्टरला येऊन स्थायिक झाले आणि त्यांनी जपानहून आणलेल्या शिनरिकी जातीच्या बियाण्याने एकरी उत्पन्न स्थानिक भाताच्या मानाने बरेच वाढवले. शेफने मेनूच्या कागदावर याबद्दल एक ओळ जरी लिहिली असती, तरी निम्म्या लोकांनी भात अर्धवट टाकला नसता असे मला वाटले.

किंमत माणशी ऐंशी डॉलरच्या वर गेली, त्यात पेये नव्हती. ऑस्टिनमध्ये ब्रिस्केट पौंडाला तीस-पस्तीस डॉलरच्या घरात असताना ती अवाजवी म्हणवत नाही, पण त्या रकमेत दोन फसलेले पदार्थही होते. हाच शेफ उद्या कायमची जागा घेणार असेल, तर त्याने रामेन काढून टाकावा, निगिरीसाठी वाग्यू आणावे आणि दाशीची वाटी मेनूत सर्वांत वर ठेवावी. त्या वाटीसाठी मी पुन्हा रांगेत उभा राहीन.