एक्लिप्स सोडून अँड्रॉइड स्टुडिओवर: माझा अनुभव

अँड्रॉइड ॲप मी एक्लिप्स या प्रोग्रॅममध्ये लिहीत होतो. त्यात अँड्रॉइडची सोय देणाऱ्या एडीटी प्लगिनचं (जोड-प्रोग्रॅमचं) काम २०१५ अखेर थांबवणार, असं गूगलने जाहीर केलं आणि पळवाट संपली. ॲप लिहायच्या गूगलच्याच प्रोग्रॅमची, अँड्रॉइड स्टुडिओची, १.० आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्येच आली होती, पण चालत्या ॲपला कशाला हात लावा, म्हणून मी कानाडोळा करत होतो.

धास्ती होती ती कीबोर्ड शॉर्टकटची. ती फुकटच निघाली. सेटिंगमध्ये एक्लिप्सचा कीमॅप (शॉर्टकटचा संच) सरळ निवडता येत होता. मी तो घेतला नाही. कोडमधल्या लाल झालेल्या (ओळख न पटलेल्या) नावावर ऑल्ट-एंटर दाबलं की ते नाव कुठून घ्यायचं हे सांगणारी इम्पोर्टची ओळ येते, एवढं कळल्यावर हात आपोआप वळले.

खरं काम ग्रेडलने, म्हणजे कोडपासून ॲप बनवणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) स्टुडिओतल्या साधनाने काढलं. एक्लिप्समध्ये लिब्ज फोल्डरात जार (तयार कोडची, म्हणजे लायब्ररीची फाइल) टाकली की झालं; कुठली आवृत्ती, कोणी आणि कशासाठी टाकली, विचारायचं नाही. स्टुडिओने मूळ प्रोजेक्ट तसाच ठेवून वेगळी प्रत केली, ओळखीच्या जार काढून त्यांच्या जागी बिल्ड फाइलमध्ये एकेक ओळ लिहिली आणि काय कुठे हलवलं याचा हिशोब एका टेक्स्ट फाइलमध्ये दिला. ती फाइल लोक न वाचताच बंद करतात. वाचाच.

तरी बिल्ड अडला. 'मल्टिपल डेक्स फाइल्स डिफाइन' असा एरर, म्हणजे एकच कोड दोनदा आलाय, पुढे अँड्रॉइडच्या सपोर्ट लायब्ररीच्या एका क्लासचं नाव. एक जुनं मॉड्यूल त्याच लायब्ररीची, सपोर्ट-व्ही-फोरची, स्वतःची जार घेऊन बसलं होतं आणि ग्रेडल तीच लायब्ररी बाहेरून आणत होतं. जार उडवली, एरर गेला. मग आयकॉन रुसले: 'नॉट अ पीएनजी फाइल'. कुणीतरी जेपीजीचं नुसतं एक्स्टेंशन बदलून दिलं होतं. एक्लिप्समध्ये ते खपून गेलं होतं, इथे नाही.

साइनिंगची की (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली) मात्र जुनीच वापरा, नाहीतर प्ले स्टोअर अपडेट घेणार नाही. आणि व्हर्जन कोड (ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक) आता ग्रेडल फाइलमध्ये वाढवायचा. मॅनिफेस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमधल्या आकड्यापेक्षा तो वरचढ ठरतो.

फुकट आणि पैशाच्या ॲपसाठी मी प्रोजेक्टच्या दोन प्रती सांभाळत होतो, एकीतली दुरुस्ती दुसरीत हाताने उतरवत. आता एकाच कोडमधून दोन फ्लेवर (ॲपचे प्रकार) निघतात, ॲप्लिकेशन आयडी (ॲपचं ओळख-नाव) तेवढे वेगळे. रॅम वाढवावी लागली, पण तो खर्च मला मुळीच खटकला नाही.