मशीन म्हणालं सेपेशिया

रुग्णाचं रक्त आमच्या लॅबमध्ये जंतू वाढवायच्या बाटलीत घालतात. त्या बाटलीतून बर्खोल्डेरिया सेपेशिया हा जंतू निघाला की आमचा पहिला संशय बाटलीवर जातो, रुग्णावर नंतर. हा जंतू जंतुनाशक द्रावणातसुद्धा तग धरतो, त्यामुळे 'कंटॅमिनेशन असेल', म्हणजे बाहेरून मिसळला असेल, म्हणून मोकळं व्हायची सगळ्यांना सवय आहे. त्या दिवशी जंतू ओळखणाऱ्या मशीनने हेच नाव दिलं, वर ९९ टक्के खात्री. रिपोर्ट टाइप होऊन सहीला आला होता.

मला अडवलं ते डिस्कच्या प्लेटने. प्लेटवर वाढणाऱ्या जंतूंवर औषधांच्या चकत्या ठेवतात; औषध लागू पडलं तर चकतीभोवती वाढ नसलेलं वर्तुळ दिसतं, तोच झोन. जेंटामायसिनभोवती झोन नाही. कोलिस्टिनच्या डिस्कला चिकटून वाढ. इथपर्यंत सेपेशियाला शोभेल असंच. पण ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ! सेपेशिया या औषधाला सहसा भीक घालत नाही. ग्रॅमच्या रंगाची स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली: ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे काडीसारखे जंतू, टोकांना गडद, मध्ये फिकट, सेफ्टी पिनेसारखे. ऑक्सिडेज या एन्झाइमची चाचणी पॉझिटिव्ह. म्हणजे बर्खोल्डेरिया स्युडोमॅलिआय, मेलिऑइडोसिस या रोगाचा जंतू. व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी रंगूनमध्ये १९११ साली हा रोग शोधला. मशीनच्या यादीत नाव नसेल तर ते शेजारचं नाव देतं, आणि तेही छातीठोकपणे.

आधी सगळ्या प्लेटा बंद करून बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू हवेत पसरू न देणाऱ्या कपाटात, हलवल्या. हा जंतू श्वासावाटे शरीरात शिरू शकतो, आणि प्लेट उघडून वास घ्यायची जुन्या तंत्रज्ञांची खोड काही केल्या जात नाही. कोणी कोणती प्लेट बाकावर उघडली, त्याची यादी केली. थोडी भांडणं झाली.

मग वॉर्डला फोन. फिजिशियनचा पहिला प्रश्न, "पण मशीन काय म्हणतंय?" मी सेपेशिया म्हणाले आणि तो का नाही, तेही सांगितलं. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. रुग्णाला मधुमेह, जुना ताप, फुप्फुसात सावली, प्लीहेत गळू. थुंकीत एकदाही टीबीचा जंतू दिसलेला नाही, तरी टीबीची औषधं चालू. आणि हो, पूर्वी एका लॅबने पुवाचा रिपोर्ट दिला होता: 'स्युडोमोनास स्पीशीज', म्हणजे स्युडोमोनास गटातला कुठलातरी जंतू. बस, एवढंच. याला मी निदान म्हणत नाही, हात झटकणं म्हणते.

त्याच संध्याकाळी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं. शिरेतून कमीत कमी दोन आठवडे, गळू असेल तर जास्त, पुढे किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. या रोगात ताप उतरायला आठवडा-दीड आठवडा सहज लागतो. रेसिडेंट रोज विचारायचा, "मॅडम, औषध बदलू का?" रोज नाही म्हणायचे. चौथ्या दिवशी प्लेटवरच्या जंतूंच्या वसाहतींवर सुरकुत्या पडल्या, अगदी पुस्तकातल्या चित्राबरहुकूम. पण ४८ तासांत प्लेटा टाकून देणाऱ्यांना त्या दिसणार कशा? संदर्भ प्रयोगशाळेतल्या पीसीआरने, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या चाचणीनेही, स्युडोमॅलिआय हेच नाव दिलं. रुग्ण आता गोळ्यांवर आहे.

आमच्या फ्रीझरमध्येही 'स्युडोमोनास स्पीशीज' अशी चिठ्ठी लावलेल्या जुन्या कुप्या आहेत. सवड मिळेल तशा कॅबिनेटमध्ये उघडून त्याच तीन डिस्क लावतेय. एकीत तसंच निघालंय: दोन्हीकडे वाढ, तिसरीभोवती मोकळं वर्तुळ. कुपीवर फक्त नोंदणी क्रमांक आहे. रेकॉर्ड विभागाला पत्र दिलंय, अजून उत्तर नाही.