चांदीपुरा ताप आणि गोठ्याची भिंत

एबोलाला 1976 मध्ये काँगोतल्या एका नदीचं नाव मिळालं. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1965 साली, नागपूरकडच्या चांदीपुऱ्यात तापाच्या रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू सापडला आणि आपल्या गावाचं नाव त्याला चिकटलं. दोघांच्या वाटा मात्र पार वेगळ्या. एबोला रुग्णाचं रक्त, उलटी अंगाला लागून पसरतो, मयताला आंघोळ घालतानासुद्धा. म्हणून तिथं रुग्णाला वेगळं ठेवतात. चांदीपुरा माणसाकडून माणसाला गेल्याची नोंद नाही, तो मुख्यतः वाळूमाशी चावून होतो. आजारी पोराच्या घरी जाणं बंद करून काहीच साधत नाही.

वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, दोन-तीन मिलिमीटरची. अंगावर लव, बसली की पंख उभे. लांब उडत नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारते. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येते, जाळी बारीक विणीचीच हवी. आणि ती पाण्यात अंडी घालतच नाही. रांजण-टाक्या कोरड्या करणं डेंग्यूसाठी ठीक, पण या माशीचं त्यानं काही बिघडत नाही. तिला लागते ओल, अंधार आणि कुजकं शेण-काडीकचरा. म्हणजे मातीच्या भिंतीची भेग, आणि तीही गोठ्याजवळची.

भेगा पावसाच्या आधीच बुजवा. माती-चुन्याचा गारा घ्या, नुसतं शेण नको. आधी भेग खरवडून सैल माती काढा, मग पाण्यानं भिजवा. कोरड्या भेगेत गारा भरला की भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि आठवडाभरात खपली निघते. फवारणी त्यानंतर, आतून, जमिनीपासून सहा फुटांपर्यंत, गोठ्यातही. इथंच घोळ होतो: फवारणी झाली आणि पोळ्याला भिंती सारवल्या, की औषध सारवणाखाली गाडलं जातं. सारवायचं ते आधी. उकिरडा घरापासून लांब, आणि लेकरांना रात्री पूर्ण बाह्यांचे कपडे.

2003 मध्ये आंध्रात 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. आजार बहुतेक पंधरा वर्षांखालच्यांना होतो: एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके, मग बेशुद्धी. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. औषध नाही, लसही नाही. झटके आणि ताप आवरणं, मेंदूची सूज सांभाळणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. म्हणून तापासोबत झटका आला, की उद्या सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा. तोवर पोराला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, कोमट पाण्यानं अंग पुसा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणीही पाजू नका, ते श्वासनळीत जातं. झटका किती वाजता सुरू झाला ते मात्र घड्याळात पाहून ठेवा, दवाखान्यात आधी तेच विचारतात.